पहिली लांब राईड करताय? आधी रस्ता वाचा, आणि किलोमीटरमध्ये नाही तर तासांमध्ये वाचा

मंडळी, दिवाळी झाली की जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार सगळीकडे पहाटे सायकली दिसायला लागतात, आणि दरवर्षी कुणीतरी नवीन मुलगा किंवा एखादी ताई विचारतेच, की पहिली दोनशे किलोमीटरची राईड आहे हो, तयारी काय करू. लोक सांगतात रोज चालव, चांगली पॅडवाली चड्डी घे, केळी ठेव खिशात. सगळं बरोबरच आहे. पण एक काम असं आहे की ज्याला पैसा लागत नाही, दम लागत नाही, घरी बसून दोन संध्याकाळी होतं, आणि तेच बहुतेक जण सोडून देतात. ते म्हणजे ज्या रस्त्याने जायचंय तो रस्ता आधी नीट बघून ठेवणं. मी हे सगळं चुकत चुकत शिकलोय म्हणून जरा सविस्तर लिहितोय, लांब झालं तरी वाचा.

आधी थोडक्यात नियम, कारण अभ्यास त्याच्याच हिशोबाने करायचा असतो. बीआरएम म्हणजे ज्या लांब पल्ल्याच्या सायकल राईडला आपण सगळे ब्रेव्हे म्हणतो, ती शर्यत नाही, पहिला दुसरा नंबर काही नसतो, फक्त वेळेत पूर्ण करायची असते. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २० तास, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास. मधे कंट्रोल असतात, तिथे ठरलेल्या वेळेत पोचून कार्डावर नोंद करायची, आणि तो वेळ साधारण ताशी १५ किलोमीटरच्या हिशोबाने बंद होतो, म्हणजे १०५ किलोमीटरवरचा कंट्रोल सुटल्यापासून ७ तासांनी बंद. कंट्रोल सोडून मधे कुठेही घरच्यांनी गाडी घेऊन मागे यायचं आणि पाणी द्यायचं, हे चालत नाही. तुमची सोय तुम्हीच करायची. म्हणूनच पाणी कुठे मिळेल, पंक्चर कुठे निघेल, हे आधी माहीत असणं इथे खूप कामाचं.

आयोजक तुम्हाला रूटची लिंक नाहीतर जीपीएक्स फाईल, म्हणजे मॅपवर रूटची रेघ दाखवणारी फाईल, देतात. पहिलं काम, ती फाईल आली की लगेच मोबाईलमध्ये टाकून विसरून जाऊ नका. राईड विथ जीपीएस, स्ट्राव्हा, कोमूट, कुठलंही ॲप चालेल, पण शक्यतो कॉम्प्युटरच्या मोठ्या स्क्रीनवर उघडा आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा बोट फिरवत जा. कुठलं गाव, कुठली नदी, कुठला फाटा. अर्धा तास लागतो. या पहिल्या वेळी काहीच लिहायचं नाही, फक्त रस्ता डोक्यात चित्रासारखा बसू द्यायचा.

मग चढ बघा. इथे नवीन माणूस दोन प्रकारे फसतो. एक म्हणजे ॲपमधला चढउताराचा आलेख. आपला तापीकाठचा भाग इतका सपाट आहे की ॲप तो आलेख ताणून दाखवतं, आणि ४० मीटरचा उंचवटा सुद्धा डोंगरासारखा दिसतो, पोरगं घाबरून जातं. म्हणून आकाराकडे बघू नका, डाव्या बाजूचे आकडे बघा. किती किलोमीटरमध्ये किती मीटर चढ, एवढंच काढायचं. ५ किलोमीटरमध्ये २५० मीटर म्हणजे सरासरी ५ टक्के, हा खरा चढ झाला, इथे गियर हलका करून शांत बसून चढायचं. दुसरं, गावाकडच्या रस्त्यांना घाट नसतो पण नाले असतात. प्रत्येक नाल्याला रस्ता खाली उतरतो आणि पुन्हा वर येतो, तापीच्या पुलाजवळ तर जास्तच, आणि हे छोटे छोटे चढ मिळून संध्याकाळपर्यंत पाय भरून येतात. आलेखात ते करवतीच्या दातांसारखे दिसतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करू नका.

खरे घाट आपल्याकडे मोजके आणि सगळे कडेला आहेत. दक्षिणेला चाळीसगावहून कन्नडकडे चढणारा घाट, फर्दापूरहून अजिंठ्याकडे चढणारा घाट, धुळ्याहून मालेगावकडे निघालात की लळिंगचा चढ, उत्तरेला शिरपूरच्या पुढे सेंधव्याच्या दिशेने बिजासनचा घाट, आणि नंदुरबार जिल्ह्यात तोरणमाळ, जे साधारण साडेअकराशे मीटर उंचीवर आहे आणि पायथा त्या मानाने फारच खाली, म्हणजे तो दिवस वेगळाच समजा. पहिल्या राईडला तोरणमाळ घेऊच नका असं माझं स्पष्ट मत. घाट असेल तर एकच प्रश्न विचारायचा, तो किती वाजता येतो? फर्दापूरचा घाट सकाळी साडेनऊला आला तर मजा येते. तोच उन्हात दुपारी दोनला आला तर माणूस अर्ध्यात बसतो. घाट तोच, पाय तेच, तास वेगळा.

आणि हीच माझी मुख्य गोष्ट आहे जी सांगायला एवढं लिहितोय. रस्ता किलोमीटरमध्ये बघू नका, घड्याळात बघा. एक कागद घ्या, दोन रकाने पाडा, एकीकडे गाव आणि एकीकडे तुम्ही तिथे किती वाजता असाल. समजा जळगावहून सकाळी ६ ला सुटून धुळ्याकडे जायचं आणि परत यायचं. ताशी २० ने चालवता आणि मधे चहापाण्याला थांबता असं धरलं तर एरंडोल पावणेआठ, पारोळा सव्वानऊ, धुळे साडेअकराच्या आसपास. धुळ्यात जेवलात, साडेबाराला निघालात, पारोळा पुन्हा अडीच पावणेतीन, एरंडोल साडेचार, आणि पाळधी गाठेपर्यंत अंधार पडत आला. कारण डिसेंबरात आपल्याकडे सूर्य मावळतो पावणेसहाच्या सुमारास. आणि उगवतो कधी तर जवळपास सातला. म्हणजे ६ ला सुटलात तर पहिला तास अंधारात आणि शेवटचा टप्पाही अंधारात, तोही पाळधी ते जळगाव, जिथे संध्याकाळी सगळ्यात जास्त गर्दी. हे कागदावर लिहिल्याशिवाय डोक्यात येतच नाही. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांनी दिवसाची राईड आहे म्हणून पुढचा लाईट चार्जच केला नव्हता.

आता ऊन. आपले मोठे रस्ते बघा, सुरत नागपूर हायवे असो की बऱ्हाणपूर अंकलेश्वर रोड, खोरंच पूर्व पश्चिम आहे त्यामुळे रस्तेही तसेच. मग सूर्य एकतर तोंडावर नाहीतर पाठीवर. जळगावहून सकाळी भुसावळकडे, मुक्ताईनगरकडे निघालात तर सात ते साडेआठ सूर्य थेट डोळ्यात. आपल्याला त्रास होतोच, पण त्यापेक्षा मोठी गोष्ट अशी की तुमच्या मागून येणाऱ्या ट्रकवाल्याच्याही डोळ्यात तोच सूर्य आहे आणि त्याला तुम्ही दिसत नाही. तेव्हा असा टप्पा रूटमध्ये असेल तर कागदावर खूण करा, मागचा लाल लाईट दिवसाही चालू ठेवा आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट काढू नका, उकडलं तरी.

वाऱ्याचंही तसंच. उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून येतो आणि खोऱ्यात शिरला की समोरून भिंतीसारखा उभा राहतो. जूनमध्ये एकदा जळगावहून धुळ्याकडे चाललो होतो, रस्ता सपाट, पाय ताजे, आणि मीटरवर १४ च्या वर आकडा जाईना, मला वाटलं ब्रेक घासतोय म्हणून उतरून चाक फिरवून बघितलं. चाक छान फिरत होतं. वारा होता फक्त. साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या माळावर एवढ्या पवनचक्क्या उगीच नाही उभ्या केल्या. थंडीत वाऱ्याची दिशा बदलते, सकाळची वेगळी दुपारची वेगळी असते, म्हणून राईडच्या तीन दिवस आधीपासून विंडीसारख्या ॲपवर तासातासाचा वारा बघा आणि तुमच्या त्या दोन रकान्यांच्या शेजारी तिसरा रकाना काढा, वारा कुठून. परतीच्या ५० किलोमीटरला समोरचा वारा असेल तर जाताना जोर लावून पाय संपवायचे नाहीत, आणि जेवणाला तासभर बसायचं नाही.

पुढची पायरी सॅटेलाईट. मॅपवरची रेघ सगळ्या रस्त्यांना सारखीच दिसते, डांबरी असो की शेतातली गाडवाट. सॅटेलाईटमध्ये झूम करून बघा, रस्ता काळा दिसतो की मातीच्या रंगाचा, कडेला झाडं आहेत की उघडं रान, टपऱ्या ढाबे आहेत का. रेल्वे फाटक कुठे आहे तेही बघा. रूळ रस्त्याला तिरके असतील तर तिथे चाक अडकून पडायला होतं, सायकल सरळ काटकोनात करून ओलांडायची, पाऊस पडलेला असेल तर उतरून. मोठ्या रस्त्यांवर बऱ्याच ठिकाणी स्ट्रीट व्ह्यूही मिळतो, पण फोटो कुठल्या वर्षीचा आहे ते कोपऱ्यात बघा, कारण हायवेची कामं इतकी झालीत आपल्याकडे, की पाळधी तरसोद बायपाससारख्या ठिकाणी जुना फोटो आणि आजचा रस्ता यांचा मेळ बसत नाही. कंट्रोल गावात आहे आणि तुम्ही बायपासने पुढे निघून गेलात असंही होतं. धुळ्यात तर जास्त सांभाळा, तिथे ५२, ५३ आणि ६० असे तीन राष्ट्रीय महामार्ग भेटतात आणि बोर्ड बघेपर्यंत माणूस भलत्याच पुलावर चढलेला असतो. त्यात नंबर २०१० ला बदलले तरी लोक अजून जुनंच बोलतात, सुरत हायवेला नॅशनल सिक्स आणि मुंबई आग्रा रोडला नॅशनल थ्री म्हणणारे भरपूर आहेत. रस्ता विचारायचा तर नंबर सांगू नका, पुढच्या गावाचं नाव सांगा.

गावाच्या नावाचंही एक आहे. खुर्द आणि बुद्रुक दोन्ही शेजारी शेजारी असतात हे आपल्याला माहीतच आहे, पण भुसावळ तालुक्यात कुऱ्हे पानाचे आणि मुक्ताईनगर तालुक्यात कुऱ्हा काकोडा, असलं ऐकताना सारखं वाटणारं बरंच आहे. घाईत मॅपमध्ये टाईप केलं की मॅप भलतीकडेच नेतो. म्हणून नाव टाईप करून जाऊच नका, आयोजकांच्या रेघेवरच जा.

आता माझी चूक सांगतो. परतीचा पाऊस होऊन गेला होता, ऑक्टोबर, आणि मी प्रॅक्टिससाठी चोपडा तालुक्यातून एक रूट स्वतःच बनवला होता. मेन रोड सोडून एका गावातून कट मारला की ४ किलोमीटर वाचत होते. सॅटेलाईटवर रस्ता मस्त काळा दिसला, मधे नाल्यावर छोटी फरशी, म्हणजे बुटका पूल, दिसली, म्हटलं झालं. प्रत्यक्षात गेलो तर दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, रस्त्यावर ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेला चिखल, आणि फरशीच्या अलीकडे एक बाबा बैलगाडी आडवी लावून उभे. ते म्हणाले, "फरशी वाही गई भो, पुढे रस्ता नही शे." जाऊन बघितलं तर खरंच, मधला तुकडाच नव्हता, लोखंडी सळया बाहेर आलेल्या आणि खाली गढूळ पाणी. दोन्ही बाटल्या संपलेल्या, दुपारचे बारा. मागे फिरून मेन रोड गाठेपर्यंत ४ किलोमीटर वाचवायच्या नादात १८ जास्त झाले. बाबांनीच गाडीतल्या कॅनमधून पाणी दिलं म्हणून नीट घरी आलो.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली. मॅपमध्ये सगळं बघून झालं तरी रूटवरच्या दोन तीन माणसांशी बोलतो. ओळखीचं कुणी नसेल तर मॅपवर त्या गावातलं हॉटेल, कृषी केंद्र, पेट्रोल पंप, कुणाचा तरी नंबर असतोच. फोन लावायचा आणि सरळ विचारायचं, दादा सायकलवर येतोय आम्ही, अमुक रस्ता चालू आहे का, पुलाचं काम चालू आहे का. आपली माणसं इतकी छान सांगतात, रस्त्यावर खड्डे कुठल्या बाजूला आहेत इथपर्यंत सांगतात. आणि बाजाराचा वार विचारायला विसरू नका. आठवडे बाजाराच्या दिवशी गावातून सायकल काढायला पंधरा वीस मिनिटं सहज जातात, तुमच्या कागदावरच्या वेळेत ती धरा. डिसेंबरात दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा असते, घोडेबाजार असतो, तेव्हा शहादा दोंडाईचा बाजूला रूट असेल तर गर्दीचा हिशोब ठेवा. कापूस निघाला की भरलेल्या ट्रॉल्या रस्त्याच्या बाहेर दोन दोन फूट फुगलेल्या असतात, अंधारात त्यांना मागे लाईट असेलच असं नाही. रावेर, सावदा, यावल भागात केळीच्या गाड्या, आणि त्यांच्या मागे रस्त्यावर पडलेली पानं. ओल्या केळीच्या पानावर चाक गेलं की सायकल हातात राहत नाही, आणि वळणावर तर अजिबात नाही.

पाण्याचं नियोजन सोपं आहे, पण कागदावर लिहा. हायवेवर ढाबे रात्रभर चालू असतात, काळजी नाही. आतल्या रस्त्यांवर रात्री आठनंतर काही मिळेलच असं धरू नका. दर २५ ते ३० किलोमीटरला एक पक्की जागा ठरवा जिथे बाटल्या भरायच्या, एसटी स्टँड, पेट्रोल पंप, मोठं गाव. ताईंसाठी मुद्दाम सांगतो, टॉयलेटसाठी हायवेवरचे मोठे पंप आधीच मॅपवर स्टार करून ठेवा, ऐनवेळी शोधत बसणं फार त्रासाचं होतं असं आमच्या ग्रुपमधल्या सगळ्या जणी सांगतात. खायचं म्हटलं तर सकाळी पोहे, केळी, दुपारी वरणभात नाहीतर भाकरी. शेवभाजी आणि भरीत राईड झाल्यावर मनसोक्त खा, आदल्या रात्री आणि वाटेत तेवढं तेल तिखट पोटाला झेपत नाही.

जमलं तर रूटचा एक तुकडा प्रत्यक्ष चालवून बघा. पूर्ण नाही, फक्त जो भाग अनोळखी आहे किंवा अंधारात येणार आहे तो. आमच्याकडे नवीन लोकांना मी जळगाव, विदगाव, धानोरा, किनगाव, यावल, भुसावळ आणि परत जळगाव हा फेरा सांगतो, शंभराच्या आगेमागे होतो, तापी दोनदा ओलांडता, एका बाजूला सातपुडा सोबत असतो, गावचा रस्ता आणि हायवे दोन्हीचा अनुभव येतो. पहाटे विदगावच्या पुलावर थांबून नदीवर धुकं बघायला दोन मिनिटं घ्याच. आणि घरी आल्यावर तुमचा कागद काढून बघा, लिहिलेली वेळ आणि खरी वेळ यात किती फरक पडला. नवीन माणसाचा फरक थांब्यांमध्ये पडतो, वेगात नाही. चहाला दहा मिनिटं लिहिलेली असतात आणि निघायला पंचवीस लागतात.

शेवटी चिठ्ठी. सगळा अभ्यास एका छोट्या कागदावर उतरवायचा, हाताच्या पंजाएवढ्या. मी जाड कागद घेतो, काळ्या पेनने मोठ्या अक्षरात लिहितो, वरून रुंद सेलोटेप मारतो म्हणजे घामाने भिजत नाही, आणि हँडलजवळ नळीवर चिकटवतो. एका ओळीत एकच गोष्ट, किलोमीटर, गाव, वळण, वेळ. उदाहरणार्थ, ५८, पारोळा, सरळ, सव्वानऊ. जिथे धोका तिथे लाल पेनने फुली. कंट्रोल बंद व्हायची वेळ गोल करून. मोबाईल बंद पडला तरी एवढ्यावर राईड पूर्ण होते, मी केलीय. आणि रूटमध्ये आयोजकांनी ऐनवेळी बदल केला तर चिठ्ठी पुन्हा लिहा, जुन्यावर खाडाखोड करू नका, थकल्यावर खाडाखोड वाचता येत नाही.

मोबाईलचं म्हणाल तर फाईल आणि मॅप दोन्ही ऑफलाईन डाऊनलोड करा, सातपुड्याच्या पायथ्याला आणि घाटात रेंज जाते. पॉवर बँक आणि केबल दोन्ही घ्या, केबल विसरणारे दरवेळी एक दोन भेटतात. आणि आदल्या रात्री झोपायच्या आधी फोन एअरप्लेन मोडवर टाकून फाईल उघडून बघा. रेघ दिसली, झूम केल्यावर गावांची नावं दिसली, की फोन चार्जिंगला लावा आणि झोपा. नाही दिसली तर आत्ताच घरच्या वायफायवर पुन्हा डाऊनलोड करा, पहाटे पाचला स्टार्ट पॉईंटवर पन्नास जण एकाच टॉवरवर असतात.